सज्जा आणि बोगदा

१२ सप्टेंबर, क्लीव्हलँड

आमच्या हंगेरियन मंडळाच्या संपादकाने गळ घातली म्हणून ही वही उघडली. त्याला वार्तापत्रासाठी लेख हवा आहे, युरोपातल्या जुन्या इमारती आणि अमेरिकेतली नवी अपार्टमेंटं यांच्या तुलनेवर. मी बुडापेस्टमध्ये उभी हयात जुन्या इमारतींची डागडुजी करण्यात घालवली आणि उन्हाळ्यापासून इथल्या एका कोऱ्या करकरीत अपार्टमेंटात राहतो आहे. तेव्हा तुलना करायला माझ्याइतका लायक माणूस या गावात नाही, असं तो म्हणाला. स्तुती केली की मी विरघळतो, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसतं. सुचेल तसं टिपून ठेवायचं आणि शेवटी त्यातून लेख काढायचा, असा बेत आहे.

सुरुवात भिंतीपासून. काल बैठकीच्या खोलीत खिळा ठोकायला गेलो. पहिल्याच घावाला खिळा आत गडप झाला. म्हणजे भिंत अशी नाहीच. दोन बाजूंना प्लास्टरचे पातळ तक्ते आणि मध्ये पोकळी. बाहेरून विटा दिसतात, पण त्या विटाही कपड्यासारख्या वरून चढवलेल्या. तळमजला तेवढा काँक्रीटचा, तो गाड्यांसाठी. माणसांचे वरचे सगळे मजले लाकडी फळ्यांचे. आमच्या बुडापेस्टच्या घराच्या भिंतीत खिडकीच्या कोनाड्यात माणूस बसून पेपर वाचू शकतो, इतकी ती जाड.

पिरोश्काला हे सगळं ऐकवलं. माझी बायको शांतपणे ऐकून घेणारी आहे. ऐकून झाल्यावर म्हणाली, "पण तू खिळा ठोकत कशाला होतास?" तिच्याच आईचा फोटो लावायला, आणि तिनेच सकाळी सांगितलं होतं. सांगून विसरायचं आणि वर मलाच विचारायचं, हा तिचा खेळ हल्ली फार रंगतो.

ही इमारत एमोकेच्या ऑफिसने आखली आहे हे संपादकाला सांगितलेलं नाही. एमोके म्हणजे आमची मुलगी. शिकायला इकडे आली ती इकडचीच झाली. वसंतात बुडापेस्टला पिरोश्का एकदा भलत्याच ट्राममध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेली आणि पोलिसांनी घरी आणून सोडली. तेव्हापासून एमोकेने धोशा लावला की इथे या, माझ्याजवळ राहा. ट्रामचे मार्ग बदलले होते, मीसुद्धा गोंधळलो असतो. पण मुलीपुढे कोणाचं चाललंय.

१५ सप्टेंबर

आज लेखाचा गाभा सापडला.

आमच्या घराला मधोमध चौक आहे. प्रत्येक मजल्यावर चौकाभोवती लोखंडी कठड्याचा सज्जा फिरतो आणि सगळ्यांची दारं त्या सज्ज्यावर उघडतात. दारं एकाच बाजूला, दुसऱ्या बाजूला आभाळ. दाराशेजारी स्वयंपाकघराची खिडकी. भाजी चिरता चिरता कोण आलं, कोण गेलं, कोणाचं काय शिजतंय, सगळं कळतं. समोरच्या योलानची खिडकी सकाळी उघडली नाही तर दुपारपर्यंत कोणीतरी तिचं दार वाजवतंच. पलीकडच्या अंगाला रस्त्यावरच्या खिडक्या, त्यामुळे वारा आरपार.

इथे काय आहे? इमारतीच्या पोटातून गेलेला एक बोगदा. त्याला कॉरिडॉर म्हणायचं. दोन्ही बाजूंना दारं, सगळी करडी, सगळी मिटलेली. पायाखाली गालिचा, म्हणून पावलं वाजत नाहीत. दिवसा दिवे, रात्री तेच दिवे. मंगळवारी पिरोश्का बाजारहाट करून आली आणि कोणा भलत्याच्याच दाराला किल्ली लावत उभी राहिली. आतून कुत्रं भुंकलं तरी ही आपली किल्ली फिरवतेय. त्या आधीच्या आठवड्यातही असंच झालं होतं. यात तिची काय चूक? सगळी दारं एका मापाची करून ठेवली तर माणसाने ओळखायचं कशावरून? परवा मीसुद्धा एक दार पुढे गेलो होतो.

आता मात्र तिला सवय झालेली दिसते. दोन दिवस लिफ्टमधून बाहेर पडली की तडक आपल्या दाराशी येते. तिने तिचे लाल रबरी बूट दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली आहे, घरी सज्ज्यात ठेवायची तसेच. जुन्या खोडी जात नाहीत.

२१ सप्टेंबर

एमोके आणि कर्टिस जेवायला आले. जावई सज्जन आहे, बोलत नाही, वाढेल ते खातो. पिरोश्काने कोंबडीचा पॅप्रिकाश केला होता. त्यात मीठ इतकं पडलं की कर्टिसने तीनदा पाणी मागितलं. इथल्या मिठाचे दाणे बारीक असतात, अंदाज चुकतो, असं मी म्हटलं. एमोकेने आईकडे बराच वेळ पाहिलं आणि मग ताट संपवलं.

जेवणानंतर मी बोगद्याचा विषय काढला. काढायला नको होता, पण काढला. एमोके म्हणाली की कायद्याने प्रत्येक मजल्यावरून पळायला दोन जिने लागतात. इमारतीच्या दोन टोकांना दोन जिने ठेवले की त्यांना जोडायला मध्ये कॉरिडॉर आलाच, आणि कॉरिडॉर आला की घरांना एकाच अंगाने खिडक्या उरतात. चौक, सज्जा, आरपार वारा, हे सगळं तिथेच संपतं.

मी म्हटलं, आमच्या घराला एकच जिना आहे आणि तो दोन महायुद्धं बघून उभा आहे.

"बाबा, कॉलेजात असताना मी आपल्या घराचा नकाशा काढला होता," ती म्हणाली. "आठवणीतून. कठड्याची नक्षीसुद्धा. सरांनी तो वर्गात लावला आणि म्हणाले, फार सुंदर आहे, फक्त इथे कोणी बांधू देणार नाही."

"म्हणजे कायदा मूर्ख."

"घर लाकडाचं असलं तर मूर्ख नाही."

"मग लाकडाची घरं बांधणारे मूर्ख."

ती लाकडाची घरं बांधते. कर्टिसने भांडी उचलायला घेतली. नंतर दोघी मायलेकी बाल्कनीत उभ्या राहिल्या. बाल्कनी कसली, खुर्ची ठेवली की माणसाने आत यायचं. जाताना एमोके मला बाजूला घेऊन म्हणाली की आईला एका डॉक्टरांकडे न्यायचं आहे, मेंदूच्या. मी म्हटलं, मीठ जास्त पडलं म्हणून मेंदूचा डॉक्टर? ती म्हणाली, "मिठासाठी नाही, बाबा." मग कशासाठी ते मी विचारलं नाही. उशीर झाला होता.

२ ऑक्टोबर

डॉक्टर तरुण आहे, नम्र आहे, आणि त्याची परीक्षा पोरकट आहे. पिरोश्काला त्याने घड्याळ काढायला सांगितलं. तिने छान गोल काढला आणि सगळे आकडे त्याच्या एकाच बाजूला लिहिले, बारापर्यंत, ओळीने. दुसरी बाजू मोकळी. एमोकेने तोंडावर हात धरला. मला मात्र पाहताक्षणी उमगलं. हा आमचा सज्जा आहे. एका बाजूला दारं, दुसरी बाजू उघडी. मी डॉक्टरला ते समजावून सांगितलं, चौक आणि कठड्यासकट. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि तो एमोकेशीच बोलायला लागला.

तो काय म्हणाला ते एमोकेने गाडीत सांगितलं. त्या रोगाचं नाव इथे लिहीत नाही. ज्याला आमचं घर माहीत नाही त्याने तिचं चित्र तपासू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

परत आलो तेव्हा समोरच्या ओडेसाबाई दारात उभ्या होत्या. पूर्वी शाळेची बस चालवायच्या, आवाज अजून तसाच खणखणीत आहे. पिरोश्काने त्यांना "योलान, तुझ्या कुंडीला पाणी घातलंस का?" असं विचारलं. ओडेसाबाई म्हणाल्या, "घातलं की, हे काय आत्ताच." पिरोश्काला विनोद करायची लहर आली की ती असं करते. ओडेसाबाईंनी साथ दिली, हे मला आवडलं.

९ ऑक्टोबर

दाराला नोटीस चिकटवलेली सापडली. कॉरिडॉरमध्ये कोणतीही वस्तू ठेवू नये, तो सुटकेचा मार्ग आहे, पादत्राणे आत घ्यावीत. मी तडक खाली ट्रुडीकडे गेलो. ट्रुडी इमारतीची व्यवस्थापक. तिच्या टेबलावर कायम एक शोभेचा भोपळा असतो, हल्ली सण जवळ आला म्हणून खराखुरा आहे.

मी तिला दोन संस्कृतींतला फरक समजावून सांगितला. ज्या इमारतीत दाराबाहेर बूट दिसत नाहीत तिथे माणसं राहतात की फाइली ठेवल्यात हे कसं कळायचं, असं विचारलं. ती म्हणाली, "सर, आग लागली, धूर झाला आणि कोणी त्या बुटांना अडखळून पडलं, तर मी काय सांगू?" यावर मी आवाज चढवला. शेवटी तडजोड झाली. बूट आत जातील, आणि त्या बदल्यात मला दारावर नावाची पितळी पाटी लावायची खास परवानगी मिळेल. पाटी मी बुडापेस्टहून बरोबर आणली आहे. माझ्या वडिलांची, घरंदाज अक्षरांची. रबरी बुटांच्या बदल्यात पितळी पाटी, म्हणजे मी जिंकलो. सगळ्या इमारतीत नाव असलेलं हे एकमेव दार.

१० ऑक्टोबर

पाटी लावली. दार लाकडाचं निघालं, हे मान्य करायला हवं. पिरोश्काने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि बूट कुठे गेले असं विचारलं. मी म्हटलं, आत. ती म्हणाली, "मग कसं कळणार?" कोणाला, ते बोलली नाही. थोड्या वेळाने तिने ते पुन्हा बाहेर नेऊन ठेवले. मी पुन्हा आत आणले. शब्द म्हणजे शब्द. असं तीन-चारदा झालं, मग मी ते कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिले.

१७ ऑक्टोबर

सरळ लिहितो.

दुपारी पिरोश्का कचऱ्याची पिशवी टाकायला बोगद्याच्या टोकाला गेली. मी भिंतींच्या जाडीवरचा परिच्छेद लिहीत होतो. परिच्छेद चांगला उतरत होता, त्यामुळे वेळेचं भान राहिलं नाही. भान आलं तेव्हा ती घरात नव्हती. बोगद्यात नव्हती. लिफ्टपाशी नव्हती. मी दारं वाजवत सुटलो. बहुतेक उघडलीच नाहीत, दिवसा इथे कोणी नसतं. एका दारातून एका मुलाने डोकावून पाहिलं, कानात गाणी होती, त्याने मान हलवली आणि दार लावून घेतलं. मी तिच्या नावाने ओरडलो. त्या गालिच्यावर आवाज मरून जातो. आमच्या चौकात एक हाक मारली असती तर खिडक्यांतून डोकी बाहेर आली असती आणि कोणीतरी वरून म्हणालं असतं, काय झालं लोरिंत्स, ती बघ इथे आहे.

ओडेसाबाईंना ती सापडली, मागच्या जिन्यात. त्या जिन्याची दारं एकाच बाजूने उघडतात. आत शिरता येतं, पण परत मजल्यावर येता येत नाही, खाली जाऊन रस्त्यावरच निघायचं. आगीत माणूस उलटा फिरू नये म्हणून. पिरोश्का आपलं दार समजून त्यात शिरली असणार, आणि दार मागे लागलं. खाली जायचं तिला सुचलं नाही. वर-खाली प्रत्येक दाराची मूठ ओढून पाहिली असावी, तळहात लाल झाले होते. पायरीवर बसली होती. मी गेलो तेव्हा ओडेसाबाई तिच्या शेजारी बसून तिचा हात चोळत होत्या.

पिरोश्का मला म्हणाली, "सगळ्यांनी बूट आत घेतलेत, लोरिंत्स. कोणाचंच दार कोणाचं नाही."

एमोके ऑफिसातून धावत आली. मी तिला नको नको ते बोललो. तुझ्या दोन जिन्यांनी तुझ्या आईला गिळलं, असं म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, जिना एक असता तरी..." आणि थांबली. मी तिला पुढे बोलू दिलं नाही.

१८ ऑक्टोबर

पाटी लावली होती ना दारावर. वाचता येते तिला. मग?

२ नोव्हेंबर

पिरोश्का आता एकटी बाहेर जात नाही. मी दाराला आतून साखळी लावतो. ती खिडकीशी बसते आणि खालचं गाड्यांचं मैदान बघते. तिथेही सगळं पांढऱ्या रेघांनी आखलेलं. कधी कधी ती मला "वेळ झाली का?" असं विचारते. कशाची वेळ, ते तिलाही सांगता येत नाही, आणि मी "होईल आता" म्हणतो.

एमोकेने एक जागा पाहून ठेवली आहे. अशा माणसांसाठीचं घर, तलावाजवळ. माहितीचं रंगीत पुस्तक घेऊन आली. मी नकाशा तेवढा पाहिला. मध्ये कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं. तिला म्हटलं, हेही तुमच्याच ऑफिसने केलं का. ते लागलं तिला. पण म्हणाली, "प्रत्येक दाराशेजारी काचेची छोटी पेटी आहे, बाबा. आपल्या वस्तू ठेवायला. म्हणजे दार ओळखता येतं. हे आम्हीच सुचवलं." मी पुस्तक मिटलं.

माझा निर्णय झाला आहे. आम्ही परत जातो. घर विकलेलं नाही, किल्ली योलानकडे आहे, कुंड्यांना तीच पाणी घालते. माणसाला त्याच्या घरात ठेवा, तो आपोआप जागेवर येतो. झाड उपटून डबड्यात लावलं आणि सुकलं तर दोष झाडाला द्यायचा का? एमोके रडली, भांडली, शेवटी म्हणाली की ठीक आहे, नाताळपर्यंत राहून बघा. तिथे आई सावरली तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही सावरली तर तुम्ही माझं ऐकायचं. मी कबूल झालो. हरायचा प्रश्नच नाही. सज्ज्यावर तिचं सगळं आयुष्य गेलं आहे, डोळे मिटून चालेल ती तिथे.

३० नोव्हेंबर

उद्या विमान. पाटी काढली, दारावर चार भोकं राहिली. ओडेसाबाई निरोप घ्यायला आल्या. पिरोश्काला त्यांचा हात सोडवेना. त्या मला म्हणाल्या, "तिला तिचे बूट घालू द्या." पिरोश्काने आज कपाटासमोर उभं राहून लाल बुटांसाठी हट्ट धरला होता, तेच घालून विमानात बसणार म्हणते. बसू दे.

एमोके बॅगा बांधत होती. मध्येच खाली बसली आणि म्हणाली, "आणि बाबा, चूक घराची नसेल तर?"

मी म्हटलं, आधी ती मोठी बॅग बंद कर.

३ डिसेंबर, बुडापेस्ट

घर. चौकातली गालिचे झटकायची लोखंडी चौकट जागेवर. जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या, जशा असायला हव्यात. मी भिंतीवर थाप मारली आणि भिंतीने काही उत्तर दिलं नाही, इतकी ती भरीव. योलानने शेगडी पेटवून ठेवली होती, खसखस भरलेला पाव करून ठेवला होता. पिरोश्काला पाहून तिने मिठीच मारली.

पिरोश्का हसली, आभार मानले, सगळ्या खोल्या फिरून पाहिल्या. खिडकीच्या कोनाड्यात हात ठेवला. मग योलानला म्हणाली, "ओडेसा, किती छान घर आहे हो यांचं."

प्रवासाचा शीण आहे. वेळेचाही फरक आहे. झोप झाली की ठीक होईल.

४ डिसेंबर

ठीक झालं नाही. सकाळी तिने लिफ्ट कुठे आहे म्हणून विचारलं. आपल्याला वर जायचं आहे, म्हणाली. मी तिला सज्ज्यावर नेलं, कठड्याशी उभं केलं, आणि मुलाला शिकवावं तसं एकेक दार दाखवलं. हे योलानचं. हे पियानो शिकवणाऱ्या बाईंचं. या खिडकीतून तू एमोकेला हाक मारायचीस. इथे तिचा दात पडला होता. ती माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती, इमारत दाखवणाऱ्या माणसाचं पाहुणे ऐकतात तशी. शेवटी म्हणाली, "फार जुनं आहे का?"

मी काय सांगणार. घराने सगळं केलं. ऊन आलं, चौकात कबुतरं बसली, वरून कोणीतरी तिला नावाने हाक मारली. घरात काहीच कमी नाही. कमी असतं तर दुरुस्त केलं असतं, आयुष्यभर तेच केलं. कठडा हलतो, मी बसवतो. भिंतीला ओल येते, मी काढतो. इथे माझ्या हातात हत्यार कुठलं धरू?

संपादकाचं पत्र आलंय, लेख कुठवर आला म्हणून.

५ डिसेंबर

आज मिकुलाशची, पोरांना खाऊ वाटणाऱ्या संताची, संध्याकाळ. घराघरात पोरं बूट घासून खिडकीत ठेवतात, सकाळी त्यात अक्रोड आणि चॉकलेट मिळतं. आमच्या सज्ज्यावर सगळ्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांत बूट लागलेत. योलानने पिरोश्काला ते दाखवायला फिरवायला नेलं. त्या दोघी पलीकडच्या बाजूला एकेका खिडकीपाशी थांबत होत्या, मला इथून दिसत होत्या.

मी तिचे लाल बूट धुतले, पुसले. खिडकीत ठेवायला निघालो आणि थांबलो. मग दार उघडलं, आणि ते बाहेर पायपुसण्यावर ठेवले, जोडीने, टाचा भिंतीकडे. तिथे, अमेरिकेत, ती ठेवायची तसेच.

दोघी वळून या बाजूला आल्या. पिरोश्का योलानच्या पुढे होती, दारांकडे न बघता चालत होती. बूट दिसले आणि तिचा चेहरा खुलला. किती दिवसांनी तो तसा पाहिला. झपझप आली, वाकली, एका बुटावर हात ठेवला.

"आलं बाई घर एकदाचं," ती म्हणाली.

मी तिला आधार द्यायला हात पुढे केला. तिने तो धरला, सरळ उभी राहिली, आणि माझ्याकडे पाहून हसली. चांगल्या घरातल्या बायका अनोळखी माणसाशी बोलताना हसतात तशी.

"फार उपकार झाले," म्हणाली. "तुमचं दार कुठलं?"

मी म्हटलं, "इथेच. याच सज्ज्यावर."

"मग शेजारीच आहोत. येत जा हं कधीतरी."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला. एकट्या बाईने घालावीच.

योलानने एक खुर्ची आणून दिली, पाठोपाठ घोंगडी. एमोकेला फोन लाव, म्हणाली. लावेन. कबूल केलंय तसं तिचं ऐकेन. ती काचेची पेटी कशी असते तेही विचारेन.

थंडी आहे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतला दिवा वहीवर पडतो. खिडकी सज्ज्यावर उघडते, म्हणून ती मला दिसते आहे. तिने पाणी ठेवलं. कप कुठे आहेत ते कपाटं उघडून शोधलं, सापडले. दोन काढले, थोडा वेळ दोन्ही कपांकडे बघत राहिली, आणि एक परत ठेवून दिला.